मध्यस्थ साहेबांशी तासभर बोलले, माझ्याशी वीस मिनिटं. ते कंपनीचेच माणूस आहेत का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही फोंडा तालुक्यातल्या एका कारखान्यात 11 वर्षं पॅकिंग विभागात आहात, त्यातली शेवटची काही सुपरवायझर म्हणून. दोन वर्षांपूर्वी नवे प्रोडक्शन मॅनेजर आले. लाइनवर सगळ्यांदेखत ओरडणं सुरू झालं, मग एक दिवस तुम्हाला लाइनवरून उचलून रेकॉर्ड रूममध्ये बसवलं, आणि यंदाचं इन्क्रिमेंटही अडकलं. तुम्ही लेखी तक्रार दिलीत. एचआरने चौकशी न लावता बाहेरून एक मध्यस्थ आणले. पहिल्या बैठकीच्या आधी ते मॅनेजरांच्या केबिनमध्ये चहा घेताना तुम्हाला दिसले. नंतर ते मॅनेजरांशी एकांतात तासभर बोलले आणि तुमच्याशी वीस मिनिटं. चूक कोणाची यावर अवाक्षर काढलं नाही. फिरून फिरून एकच विचारत राहिले, "काय झालं की तुमचं समाधान होईल?" पुढची बैठक गुरुवारी आहे. जाऊ की नको, हा माणूस फितूर आहे का, आणि बोलताना मला रडू येतं त्याचं काय करू, असे तुमचे तीन प्रश्न.

मी 20 वर्षं पर्सोनेल खात्यात काढली आणि गेली 14 वर्षं फक्त मध्यस्थी करते. वेर्णा, कुंडई, बेतोडा इथले कारखाने आणि किनाऱ्यावरची हॉटेलं, बहुतेक काम तिथलंच. म्हणजे टेबलाच्या तिन्ही बाजूंना मी बसले आहे. तुमचे मध्यस्थ कसे आहेत हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुम्ही पाहिलेल्या कुठल्या गोष्टी या कामात रोजच्या आहेत आणि कुठल्या खटकायला हव्यात, ते मात्र सांगू शकते. तुमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी रोजच्या आहेत. खटकायला हवी अशी एकच आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. तिच्याकडे मी येतेच.

आधी घड्याळाचं. मिनिटं मोजून मध्यस्थाचा कल कळत नाही. माझ्या कामात पहिल्या फेरीत जवळजवळ नेहमी वरच्या खुर्चीवरच्या माणसालाच जास्त वेळ जातो, कारण त्याला खाली उतरायला वेळ लागतो. मॅनेजर खोलीत येतात ते टार्गेट, ऑडिट, वरून येणारे फोन घेऊन. पहिली वीस मिनिटं ते कंपनीच्या वतीने बोलतात. पुढची वीस मिनिटं समोरच्याच्या चुका सांगतात, तारखांसकट. तोवर मी फार बोलतच नाही. त्यानंतर कधीतरी त्यांचा आवाज बदलतो, "खरं सांगायचं तर त्या दिवशी मी जास्तच बोललो" असं एखादं वाक्य निसटतं, आणि तिथून माझं काम सुरू होतं. त्या वाक्यापर्यंत पोचायलाच तास जातो. उलट ज्याने तक्रार केली आहे त्याचं म्हणणं बहुधा स्पष्ट असतं, लिहून दिलेलं असतं, आणि ते माझ्या बाजूने मी आधी दोनदा वाचलेलं असतं. म्हणून वीस मिनिटं. दुसऱ्या बैठकीत हे प्रमाण फिरायला हवं. गुरुवारीही तुम्हाला वीसच मिनिटं मिळाली तर सरळ म्हणा, "मला अजून बोलायचं आहे, मला वेळ हवा." चांगला मध्यस्थ यावर रागावत नाही, वही उघडतो.

आता चहाचं. आपला गोवा एवढासा. मी कुठल्याही कारखान्यात गेले तरी कोणीतरी माझ्या माहेरच्या गावचं निघतं, नाहीतर भावाबरोबर शाळेत असलेलं. ओळख नसलेला मध्यस्थ शोधायचा तर तो गोव्याबाहेरून आणावा लागेल, आणि मग त्याला इथली भाषा कळणार नाही. म्हणून ओळख असणं हा दोष धरू नये. ती दोन्ही बाजूंना आधी सांगितली की नाही, हे बघावं. मी पहिल्या एकत्र बैठकीत बसल्या बसल्या तीन गोष्टी सांगते: या खोलीतल्या कोणाला मी कशी ओळखते, या कंपनीचं आधी किती वेळा काम केलं आहे, आणि माझी फी कोण देतं. फी बहुतेक वेळा कंपनीच देते. तेही मी तसंच सांगते, "फी कंपनी देते, तडजोड झाली तरी तेवढीच आणि नाही झाली तरी तेवढीच." कामगाराचा चेहरा त्या वाक्याला किंचित सैल होतो, हे मी कित्येकदा पाहिलं आहे. तुमच्या बैठकीत हे सांगितलं गेलं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर गुरुवारी पहिला प्रश्न हाच विचारा. दोन्ही बाजू समोर असताना विचारा, एकांतात नको.

तरीही, केबिनमध्ये बसून चहा घेणं मी टाळते. मॅनेजर आग्रह करतात, गोव्यात पाहुण्याला चहा न देणं म्हणजे अपमान. मी म्हणते, "बैठकीच्या खोलीत सगळे एकदम घेऊ." खोलीत मी आधी पोचते आणि खुर्च्या स्वतः लावते. एकदा एका कारखान्यात मॅनेजरांसाठी हाताची, फिरणारी खुर्ची होती आणि ऑपरेटरसाठी कँटीनमधलं प्लास्टिकचं स्टूल. कोणी मुद्दाम ठेवलं नव्हतं, शिपायाने रोजच्या सवयीने मांडलं होतं. मी चारही प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या, माझ्यासकट सगळ्यांना सारख्या. मॅनेजर बसताना क्षणभर थांबले, पण बसले. त्या ऑपरेटरने नंतर मला सांगितलं, बोलायचं धैर्य मला त्या खुर्चीने दिलं. तेव्हा तुमच्या मध्यस्थांचा चहा हा फितुरीचा पुरावा नव्हे, निष्काळजीपणा मात्र नक्की. बघणाऱ्याच्या मनात काय येईल याचा विचार मध्यस्थाने करायलाच हवा.

चूक कोणाची हे ते का बोलत नाहीत? आपल्याकडे गावचा तंटा म्हटला की गावकर, भटजी, पाद्री किंवा पंच बसतो, दोघांचं ऐकतो आणि शेवटी सांगतो: तू चुकलास. देवळात गाराणं घालून कौल लावायची आपली सवय. तिथेही उजवा की डावा, असा निकाल मिळतो. त्यामुळे मध्ये बसलेला माणूस निवाडा देणार असंच आपण धरून चालतो, आणि त्याने दिला नाही तर तो पळपुटा किंवा विकलेला वाटतो. मध्यस्थाला निवाडा देण्याचा अधिकारच नसतो. तो अधिकार चौकशी अधिकाऱ्याला असतो, लवादाला असतो, न्यायालयाला असतो. मी एकदा जरी "बाई बरोबर बोलतात" असं म्हटलं, तर मॅनेजर त्या क्षणी मनाने खोलीतून उठून जातात. मग त्यांची सही मिळेल, पण सोमवारी लाइनवर त्यांची वागणूक तीच राहील.

इथे तुमचा खरा प्रश्न मला वेगळा दिसतो. तुम्हाला निवाडा हवा आहे, की त्याच कारखान्यात मानाने नांदायचं आहे? दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. "माझ्यावर अन्याय झाला हे कागदावर यायलाच हवं" असं तुमचं मन सांगत असेल तर मध्यस्थी हे त्याचं साधन नव्हे. मग एचआरला लेखी कळवा की मला रीतसर चौकशी हवी. तसं करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यात कसलाही आडमुठेपणा नाही. लाइन परत हवी, इन्क्रिमेंट हवं आणि ओरडणं थांबायला हवं, एवढं पुरेसं असेल, तर मध्यस्थीत ते चौकशीपेक्षा लवकर आणि पुष्कळदा जास्त मिळतं. चौकशी अधिकारी फार तर "आरोप सिद्ध" असं लिहील. मॅनेजरांनी लाइनवर तुमच्याशी कसं बोलायचं, हे तो लिहून देणार नाही.

"काय झालं की समाधान होईल?" या प्रश्नाने तुम्ही चिडलात, हे मला कळतं. माझा छळ झाला आणि वर मलाच उपाय विचारता, असं वाटतं. पण मध्यस्थाच्या पोतडीत याहून कामाचा प्रश्न नाही. एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

दक्षिण गोव्यातल्या एका हॉटेलात 19 वर्षं काम केलेला एक स्वयंपाकी आणि नवा शेफ. कागदावर भांडण गणेश चवथीच्या रजेचं. पाच दिवस मागितले, नाकारले, तो न सांगता गेला, मेमो मिळाला. दोघांनीही मागच्या वर्षांचे रजेचे तक्ते आणले होते. दोन तास आम्ही तक्त्यांवर घालवले. कोणाचा तक्ता खरा हे सिद्ध करून काही हलणार नाही, हे दोघांना कळेपर्यंत मी तो खेळ चालू दिला. मग एकांतात त्याला विचारलं, "रजा मंजूर झाली असती तर आज तुम्ही खूश असता?" तो बराच वेळ टेबलावरच्या काचेकडे बघत बसला. मग म्हणाला, "ना." आणि मग खतखत्याची, म्हणजे आपल्या मिश्र भाज्यांच्या कालवणाची, गोष्ट निघाली. स्टाफसाठी त्याने खतखतं केलं होतं, त्याच्या आईच्या पद्धतीचं, तेफळं ठेचून. शेफने चमचाभर चाखलं, तीन शिकाऊ पोरांसमोर "हे कोण खाणार?" म्हणाला आणि पातेलं सिंकमध्ये उपडं केलं. "म्हाका रजा नाका," तो मला म्हणाला, "म्हाका मान जाय." मला रजा नको, मान हवा.

ते मी त्याच्या परवानगीने शेफला सांगितलं. शेफ परप्रांतातला. त्याच्या लेखी तो एक नापास पदार्थ होता आणि पोरांना दर्जा शिकवायची ती संधी होती. त्या पातेल्यात कोणाची आई होती हे त्याला ठाऊकच नव्हतं. तडजोडीच्या कागदावर शेवटी दोन महत्त्वाच्या ओळी आल्या: पदार्थ परत करायचा तर बाजूला बोलावून सांगायचं, काउंटरवर नाही; आणि चवथीच्या मेनूतलं खतखतं याच्या हातचं. रजेचा मुद्दा शेवटच्या पाच मिनिटांत मिटला. त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं असतं तर मी रजाच दिली असती, आणि सहा महिन्यांत ते दोघं पुन्हा माझ्यासमोर आले असते.

तेव्हा गुरुवारच्या आधी या प्रश्नाचं उत्तर स्वतःशी लिहून काढा. "न्याय" असं लिहू नका. लाइनवर परत कधीपासून, कुठल्या पदावर, इन्क्रिमेंट कुठल्या महिन्यापासून, चूक दाखवायची तर कुठे आणि कोणासमोर, आणि हे पुन्हा घडलं तर कोणाकडे जायचं, असं लिहा. मध्यस्थ तुमच्या मनातलं ओळखू शकत नाही. त्याला समोरच्या खोलीत घेऊन जाता येईल असं काहीतरी हातात द्यावं लागतं.

आता ती खटकायला हवी अशी गोष्ट. तुम्ही लिहिलं आहे, "मी एकांतात म्हटलं होतं की जास्तच झालं तर राजीनामा देईन, आणि नंतर मॅनेजर मला म्हणाले, तुम्ही तर जायचं ठरवलंच आहे ना?" ताई, ही साधी गोष्ट नाही. मॅनेजरांनी अंदाजाने खडा टाकला असेल किंवा तुम्ही हे आणखी कोणाजवळ बोलला असाल, तर गोष्ट निराळी. पण मध्यस्थाकडून ते गेलं असेल, तर त्यांनी या कामातला पहिला नियम मोडला आहे. एकांतात सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय दाराबाहेर जाता कामा नये.

हे मी एवढ्या ठामपणे लिहिते कारण ही चूक मी स्वतः केली आहे, अगदी सुरुवातीच्या काळात. एका बाईंनी मला एकांतात सांगितलं होतं की दुसऱ्या विभागात बदली चालेल, पण तो शेवटचा उपाय. मी समोरच्या साहेबांना ते थेट सांगितलं नाही. फक्त विचारलं, "दुसऱ्या विभागात जागा आहे का?" मला वाटलं, प्रश्नच तर विचारला. साहेब हुशार होते. एकत्र बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "यांना बदली हवीच आहे असं कळलं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पर्स उचलली आणि त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अंदाज खरा ठरल्याचा भाव होता. तो मला आजही आठवतो. तेव्हापासून प्रत्येक एकांत बैठकीच्या शेवटी मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते आणि समोरच्याला विचारते, "यातलं काय सांगू आणि काय नको?" डावीकडे सांगायचं, उजवीकडे नाही. ते पान त्यांना दाखवते आणि मगच उठते.

गुरुवारी तुम्ही हे मागू शकता. आधी राजीनाम्याचं वाक्य बाहेर कसं गेलं ते एकांतात शांतपणे विचारा. उत्तर देताना ते टाळाटाळ करतात की थेट बोलतात, यावरून तुम्हाला त्यांच्या चहापेक्षा बरंच जास्त कळेल. "माझ्याकडून गेलं, चुकलं" असं ते म्हणाले, तर माझ्या मते पुढे जायला हरकत नाही. उडवून लावलं, तर मध्यस्थ बदलून मागा. एचआरला तसं लेखी कळवायला कारणांची लांबलचक यादी लागत नाही, "मला यांच्यावर विश्वास वाटत नाही" एवढं पुरतं. मध्यस्थी स्वेच्छेने होते, आणि दोघांपैकी एकाचा विश्वास उडाला की तिथेच ती थांबते.

आणखी काय वाईट समजावं? मध्यस्थाने घाई केली तर. "आजच सही करा, उद्या ही ऑफर राहणार नाही" हे वाक्य मॅनेजरांनी म्हटलं तर ती त्यांची बाजू. मध्यस्थाने म्हटलं तर तो दलाल झाला. कोर्टात किती काळ जातो, वकिलाचा खर्च किती, हे मध्यस्थाने सांगणं गैर नाही, मीही सांगते. पण मग मॅनेजरांनाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं की प्रकरण वर गेलं तर त्यांचे ईमेल उघडे पडतील आणि साक्षीला लाइनवरची माणसं येतील. भीती एकाच बाजूला वाटली जात असेल तर ती मध्यस्थी नाही. समोरच्या खोलीत ते काय बोलतात हे तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून विचारा, "मॅनेजरांनाही त्यांचे धोके सांगितलेत का?" होय किंवा नाही एवढं उत्तर ते गुप्तता न मोडता देऊ शकतात.

2023 साली संसदेने मध्यस्थी अधिनियम केला. त्यात मध्यस्थाचं वागणं बऱ्यापैकी शब्दांत मांडलं आहे: हितसंबंध असतील तर लेखी कळवावेत, तडजोड लादू नये, तडजोड होईलच अशी हमी देऊ नये, मध्यस्थीत बोललेलं गुप्त ठेवावं, बैठकीचं ध्वनिमुद्रण करू नये. कंपनीच्या आत बोलावलेली प्रत्येक बैठक आपोआप त्या कायद्याखाली येते असं समजू नका. ते कशी सुरुवात झाली आणि तुम्ही कशावर सही केली यावर अवलंबून आहे. पण मोजायची पट्टी म्हणून ती कलमं उत्तम आहेत. पहिल्या दिवशी तुमच्याकडून सही घेतलेला कागद बहुधा गुप्ततेचा आणि स्वेच्छेचा असणार. त्याची प्रत मागून घ्या आणि घरी निवांत वाचा. मोबाइलवर गुपचूप रेकॉर्डिंग करू नका, त्याने तुमचंच नुकसान होईल. तुमची इन्क्रिमेंटची पत्रं, ईमेल, बदलीचा आदेश हे सगळं मध्यस्थीच्या आधीचं आहे. ते मध्यस्थीत दाखवलं म्हणून गुप्त होत नाही, पुढे कुठेही वापरता येतं. त्यांच्या प्रती घरी ठेवा. मध्यस्थांनी शेवटी स्वतःच्या नोंदी फाडल्या त्याची भीती तुम्हाला वाटली, पण ती चांगली सवय आहे. मीही फाडते, त्यांच्या देखत.

बाहेरच्या वाटेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ती माहीत असली की आतल्या बैठकीत कणा ताठ राहतो. पणजीत पाटो भागात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे समेट अधिकारी असतात. औद्योगिक विवाद अधिनियम 1947 मध्ये ते पद होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. समेट अधिकारीही निवाडा देत नाही, दोघांना बोलावून समेट घडवायचा प्रयत्न करतो. फरक असा की तो सरकारी माणूस आहे आणि त्याची फी तुमची कंपनी देत नाही. पण तुमच्या बाबतीत एक अडचण येऊ शकते. तुम्ही सुपरवायझर आहात. देखरेखीचं काम असेल आणि वेतन महिना 18,000 रुपयांहून जास्त असेल, तर संहितेच्या व्याख्येत तुम्ही "कामगार" बसत नाही, आणि ती वाट बंद होऊ शकते. मात्र पदाचं नाव बघितलं जात नाही, प्रत्यक्ष काम बघितलं जातं. दिवसभर तुम्ही स्वतः पेट्या भरत, लेबलं तपासत असाल आणि रजा मंजूर करायचा किंवा कोणाला काढायचा अधिकार तुम्हाला नसेल, तर "सुपरवायझर" ही नुसती पाटी असू शकते. हे एखाद्या कामगार वकिलाला कागद दाखवूनच ठरवा, गुरुवारच्या आधी जमलं तर फारच बरं.

आणि एक गोष्ट मी विचारणार नाही, फक्त सांगून ठेवते. मॅनेजरांच्या वागण्यात बाई म्हणून तुम्हाला त्रास होईल असं काही असेल, शेरे, स्पर्श, मेसेज, तर हे सगळं बाजूला ठेवा. त्यासाठी कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. 10 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तिथे समेट होतो तो फक्त बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या बदल्यात मुळीच नाही. एचआरने परस्पर मध्यस्थ बसवून ते मिटवू नये. गोव्यातल्याच एका प्रकरणाच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये या समित्या खरोखर नेमल्या आहेत का ते तपासायला सांगितलं होतं. आतली मध्यस्थी चालू आहे म्हणून हे तीन महिने थांबत नाहीत, तेवढं लक्षात असू द्या.

भाषेचं थोडं. मध्यस्थ मॅनेजरांशी इंग्रजीत आणि तुमच्याशी कोकणी-मराठीत बोलत होते, आणि तुम्हाला वाटलं आपल्याला कमी लेखलं. मला उलट वाटतं, माणूस ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत त्याच्याशी बोलावं. खतखत्यावाला इंग्रजीत "मान" म्हणू शकला नसता. पण तडजोडीचा मसुदा फक्त इंग्रजीत आला तर सही करू नका. मराठी किंवा कोकणी प्रत मागा आणि मध्यस्थांना ती मोठ्याने, ओळ न ओळ, सगळ्यांसमोर वाचायला सांगा. मी असं वाचते तेव्हा दर वेळी एखाद्या ओळीवर कोणीतरी अडतं. परवाच एका मसुद्यात "योग्य वेळी लाइनवर परत घेण्यात येईल" असं लिहिलं होतं. कामगार म्हणाला, "योग्य वेळ म्हणजे कधी?" मॅनेजरांकडे उत्तर नव्हतं. तिथे तारीख घालायला आणखी पाऊण तास गेला. तुमच्या कागदावर "योग्य", "शक्य तितक्या लवकर", "सौहार्दाने" असे शब्द दिसले की तिथेच बोट ठेवा. सहीच्या आधी एक रात्र मागा. सोबत कोणाला आणायचं असेल, युनियनची व्यक्ती असो, वकील असो किंवा नुसती मैत्रीण, तर मध्यस्थांना आधी विचारून ठेवा. बहुतेक जण समोरच्या बाजूला विचारून हो म्हणतात.

तेव्हा माझं मत, जा. राजीनाम्याच्या वाक्याचं उत्तर आधी घ्या, आणि ते पटलं तरच पुढे बसा.

राहिलं रडण्याचं. तुमची बाजू लंगडी पडत नाही. मध्यस्थाकडे गुण द्यायचा तक्ता नसतो. माझ्या खोलीत बायका रडल्या आहेत, 50-55 वर्षांचे फिटर रडले आहेत, एकदा एक जनरल मॅनेजर रडले. अशा वेळी मी पेन खाली ठेवते, पाण्याचा ग्लास थोडा पुढे सरकवते आणि गप्प बसते. "रडू नका" म्हणत नाही, लगेच ब्रेकही घेत नाही, कारण ब्रेक घेतला की माणसाला वाटतं आपण काहीतरी बिघडवलं. तुमचे मध्यस्थ काय करतात ते बघा. ते घाईघाईने विषय बदलतील, की थांबतील, ते तुम्हाला दिसेलच. आणि आवाज फुटेनासा झाला तर लिहिलेला कागद त्यांच्याकडे सरकवा आणि म्हणा, "हे तुम्ही वाचा, मी ऐकते." अशी कित्येक पानं मी वाचली आहेत. स्वतःचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस मध्येच थांबवतो, "असं नाही, मी सांगते," आणि मग त्याचं त्यालाच बोलता येऊ लागतं.